ज्ञानभांडारांचे राखणदार : आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याच्या मंगल प्रसंगी या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम मनात संकोचच उत्पन्न झाला. माझा पिढीजात व्यवसाय कापडाचा, शिक्षण वाणिज्य शाखेचे. धर्मशास्त्राचा अभ्यास म्हणावा, तर पाठशाळेत झाला तेवढाच. तथापि ज्या एका महापुरुषाच्या चरित्राने माझ्या हातून घडलेली एक चूक मला दाखवून दिली, त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे हे कर्तव्य समजून हा अल्पसा प्रयत्न करीत आहे.

ती चूक आधी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ट्रस्टच्या चीजवस्तूंची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. बी. कॉम. झालेला माणूस म्हणून ते काम मी मोठ्या काटेकोरपणे केले. चांदीचे मुकुट, छत्रे, कलश, आरत्या यांचे वजन ग्रॅमपर्यंत लिहिले. सतरंज्या, पाट, भांडी यांची नगवार मोजणी केली. यादीच्या अखेरीस एक ओळ लिहिली : जुन्या पोथ्या, लाकडी पेटी १. पेटीत पोथ्या किती, कोणत्या, त्यांची पाने किती, हे पाहण्याची मला गरजही भासली नाही. ज्ञानपंचमीच्या दिवशी त्या पेटीपुढे मी दरवर्षी हात जोडीत होतो, वासक्षेप वाहत होतो, एवढे पुरेसे आहे असे मला वाटत होते.

पुढे अहमदाबादला मस्कती मार्केटमध्ये खरेदीसाठी गेलो असता एका दुपारी हातात थोडा वेळ होता. सोबतच्या आडत्यांनी लालभाई दलपतभाई संग्रहालय पाहण्याचा आग्रह केला. काचेआड ठेवलेली कल्पसूत्राची पाने, तळहातावर मावतील एवढी लहान चित्रे, आणि त्या वस्तू कोणाच्या संग्रहातून आल्या हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या मी पाहत होतो. त्या चिठ्ठ्यांवर एक नाव पुन्हा पुन्हा येत होते : मुनिश्री पुण्यविजयजी. ज्या महाराजसाहेबांच्या अंगावर दोन वस्त्रांपलीकडे काही नव्हते, त्यांच्या नावाचा एवढा संग्रह कसा, हा प्रश्न मनात घेऊन मी परतलो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच त्यांचे जीवनचरित्र होय.

बालपण आणि दीक्षा

मुनिश्रींचा जन्म गुजरातमधील कपडवंज या गावी विक्रम संवत १९५२ च्या कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे इ. स. १८९५ मध्ये झाला. कार्तिक शुद्ध पंचमी ही आपली ज्ञानपंचमी. व्यापारी वर्ग तिलाच लाभपंचमी म्हणतो आणि त्या दिवशी दुकानाचा नवा मुहूर्त करतो. ज्यांनी पुढे आयुष्यभर ज्ञानाची राखण केली, त्यांचा जन्म याच तिथीस व्हावा, हा योगायोग भाविकांना सार्थ वाटल्यावाचून राहत नाही. त्यांचे संसारी नाव मणिलाल, पित्याचे नाव डाह्याभाई आणि मातेचे नाव माणेकबेन.

त्यांच्या बालपणीची एक हकीकत चरित्रकार आवर्जून सांगतात. मणिलाल अवघे काही महिन्यांचे असताना मोहल्ल्यात मोठी आग लागली. त्या वेळी माता कपडे धुण्यासाठी नदीवर गेल्या होत्या आणि बालक घरात पाळण्यात होते. एका बोहरी गृहस्थांच्या कानी त्याचे रडणे पडले. जीव धोक्यात घालून ते आत शिरले आणि त्यांनी मुलास बाहेर काढले. ज्यांच्या हातून पुढे सहस्रावधी ग्रंथ वाळवी, ओल आणि विस्मृती यांतून वाचणार होते, त्यांना प्रथम दुसऱ्या धर्माच्या एका सज्जनाने अग्नीतून वाचविले. आपण समाज म्हणून हा ऋणानुबंध विसरू नये.

पिता मुंबईस व्यवसायानिमित्त राहत असत. या दुर्घटनेनंतर कुटुंब मुंबईस आले आणि मणिलालांचे शालेय शिक्षण तेथेच झाले. पुढे पित्याचे निधन झाले. माणेकबेन मूळच्याच धर्मपरायण होत्या. त्यांच्या मनात संयममार्ग स्वीकारण्याची इच्छा दृढ झाली. परंतु एकुलत्या एका मुलाचे काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्यांनी मुलास आपल्याच मार्गावर पुढे ठेवले. इ. स. १९०९ मध्ये वडोदऱ्याजवळील छाणी या गावी, वयाच्या चौदाव्या वर्षी, मणिलालांनी मुनिश्री चतुरविजयजी यांच्यापाशी दीक्षा घेतली आणि ते मुनी पुण्यविजय झाले. लागोपाठ मातेनेही पालिताणा येथे दीक्षा घेतली. त्यांचे नाव साध्वी रत्नश्रीजी झाले.

गुरुपरंपरा आणि शिक्षण

गुरू चतुरविजयजी आणि दादागुरू प्रवर्तक कांतिविजयजी हे दोघेही पूज्य आत्मारामजी महाराजांच्या परंपरेतील. या दोघांना प्राचीन ग्रंथांची विलक्षण आस्था होती. जेथे चातुर्मास होईल तेथील भांडार उघडावे, पोथ्यांवरील धूळ झटकावी, पाने लावावीत, जीर्ण ग्रंथाची नवी प्रत लिहवून घ्यावी, हा त्यांचा नित्यक्रम होता. बाल मुनींनी हे काम पुस्तकातून शिकले नाहीत. वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या हाताकडे पाहत ते शिकले. आपल्या व्यवसायात मुलगा गादीवर वडिलांच्या शेजारी बसून कापडाचा पोत बोटांनी ओळखावयास शिकतो, तसेच हे झाले.

संस्कृत व प्राकृत शास्त्रांच्या अध्ययनात त्यांना पंडित सुखलालजींचे मार्गदर्शन लाभले. सुखलालजींची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेली होती. ग्रंथ त्यांना वाचून दाखवावा लागे आणि एकेका अक्षराचा विचार कानांनी होई. पाठ शुद्ध असल्यावाचून अर्थ लागत नाही, आणि अनेक प्रती ताडून पाहिल्यावाचून पाठ शुद्ध होत नाही, ही शिस्त मुनिश्रींच्या अंगी या अध्ययनाने बाणली. पुढे गुरूंसमवेत त्यांनी वसुदेवहिंडी आणि सहा भागांतील बृहत्कल्पसूत्र यांचे संपादन केले. भावनगरच्या जैन आत्मानंद सभेने हे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांच्या संपादनाची प्रत देशोदेशीच्या विद्वानांनी प्रमाण मानली.

पोथीतील लहान चित्रे

मुनिश्रींच्या कार्याचे मोल समजण्यासाठी या पोथ्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्या पूर्वजांनी सात क्षेत्रांत द्रव्य खर्च करावे, असे शास्त्राने सांगितले. त्यांत जिनबिंब आणि जिनमंदिर यांच्या जोडीने जिनागम हेही एक क्षेत्र आहे. म्हणून गुजरात व राजस्थानातील श्रावकांनी शतकानुशतके ग्रंथ लिहवून घेतले आणि साधुभगवंतांना अर्पण केले. हे श्रावक बहुतेक आपल्यासारखेच व्यापारी. ग्रंथाच्या अखेरीस जी पुष्पिका असते, तीत लिहविणाऱ्याचे नाव, कुटुंब, गाव, संवत ही माहिती आढळते. अनेक घराण्यांची स्मृती आज केवळ या पुष्पिकांमुळे शिल्लक आहे.

प्रारंभी हे लेखन ताडपत्रावर होत असे. ताडपत्राची पट्टी लांबीला पुष्कळ, परंतु रुंदीला जेमतेम दोन-तीन इंच. चित्र काढावयाचे तर तेवढ्याच चौकटीत. आज उपलब्ध असलेल्या सचित्र ताडपत्रांत जेसलमेरची ओघनिर्युक्तीची पोथी सर्वांत प्राचीन मानली जाते. ती विक्रम संवत १११७, म्हणजे इ. स. १०६० ची आहे. तीत लक्ष्मी, हत्ती इत्यादी आकृती आहेत. भडोच येथे लिहिलेली निशीथचूर्णीची पोथी इ. स. ११०० ची असून ती पाटणच्या भांडारातील होय. पोथीच्या वर-खाली ज्या लाकडी पाटल्या बांधीत, त्यांवरही चित्रे काढीत. दादासाहेब जिनदत्तसूरींचे चित्र असलेली जेसलमेरची पाटली प्रसिद्ध आहे. दिगंबर परंपरेतही मूडबिद्री येथील धवला ग्रंथाच्या बाराव्या शतकातील ताडपत्रांवर अशीच चित्रे आहेत. ज्ञानाच्या या सेवेत संप्रदायाचा भेद नव्हता, हे यावरून दिसते.

चौदाव्या शतकात कागद रूढ झाला. पान थोडे रुंद झाले आणि चित्रालाही ऐसपैस जागा मिळाली. पर्युषणात वाचले जाणारे कल्पसूत्र आणि त्याबरोबर कालकाचार्यांची कथा, या दोन ग्रंथांच्या सचित्र प्रती सर्वांत अधिक झाल्या. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने, प्रभूंचा जन्म, पंचमुष्टी लोच, समवसरण हे प्रसंग त्यांत पुन्हा पुन्हा येतात. लेखक मजकूर लिहिताना चित्रापुरती चौकट मोकळी सोडीत असे आणि चित्रकारासाठी कडेला बारीक अक्षरांत प्रसंगाची खूण करून ठेवीत असे. मागील भूमी हिंगुळासारखी लाल. पुढे निळ्या रंगाचा आणि सोन्याचा वापर वाढला. टोकदार नाक आणि चेहऱ्याच्या पलीकडे बाहेर आलेला दुसरा डोळा, ही या शैलीची खूण. प्रथम पाहणाऱ्यास हा डोळा विचित्र वाटतो. परंतु चार पाने पाहिल्यावर तो नसेल तर चित्र अपुरे वाटू लागते.

माझ्यासारख्या कापडवाल्याची नजर मात्र प्रथम वस्त्रांवर जाते. त्या इंचभर आकृतींच्या साड्यांवर, उत्तरीयांवर आणि धोतरांवर हंसांच्या ओळी, फुलांच्या वेली, चौकडी आणि ठिपके स्पष्ट दिसतात. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळील फुस्तात येथे जे मध्ययुगीन गुजराती छापील सुती कापडाचे तुकडे सापडले, त्यांवरील काही नक्षी या पोथ्यांतील वस्त्रांच्या नक्षीशी जुळते. म्हणजे चित्रकाराने ती नक्षी मनाने रचली नव्हती. बाजारात जे कापड विकले जात होते, तेच त्याने रेखाटले होते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे, संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी प्राचीन भारतीय वेशभूषेवर मोठे संशोधन केले आणि १९४९ मध्ये पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवर ग्रंथही लिहिला. आपल्या धंद्याचा पाचशे वर्षांपूर्वीचा नमुना-गठ्ठा या पोथ्यांत सुरक्षित आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे ?

भांडारांची सेवा

एवढे वैभव असूनही विसाव्या शतकाच्या प्रारंभी बहुतेक भांडारांची अवस्था शोचनीय होती. परकीय आक्रमणांच्या काळात ग्रंथ तळघरांत लपविले गेले, ते योग्यच झाले. परंतु भय संपल्यावरही कुलुपे तशीच राहिली. किल्ली एकाकडे, दुसरी किल्ली दुसऱ्याकडे, दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडावयाचे नाही. वर्षातून एकदा पूजा होई. आत वाळवी आणि ओल आपले काम करीत राहत. मुंबई सरकारच्या वतीने ब्यूलर, पीटर्सन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर इत्यादी विद्वानांनी अनेक हस्तलिखिते मिळविली. ती आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुरक्षित आहेत. वडोदरा संस्थानाने चिमणलाल दलाल यांच्याकरवी पाटण आणि जेसलमेरच्या सूची करविल्या. तरी मूळ भांडारांची व्यवस्था लावणे शिल्लकच होते.

याच सुमारास या चित्रांचे मोल परदेशी संग्राहकांना कळू लागले होते. मेवाडात इ. स. १२६० मध्ये लिहिलेले श्रावकप्रतिक्रमणचूर्णीचे सचित्र ताडपत्र आज अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात आहे. तेथे त्याची निगा उत्तम राखली जाते, याबद्दल वाद नाही. परंतु अनेक पोथ्यांच्या बाबतीत असे घडले नाही. चित्र असलेले पान वेगळे काढावयाचे, चौकटीत बसवावयाचे आणि एकेक विकावयाचे, असा व्यापार सुरू झाला. पोथी फुटली की पुष्पिकेचे पान एकीकडे, चित्र दुसरीकडे आणि चित्र नसलेली पाने रद्दीत. मग ते चित्र कोणत्या गावी, कोणत्या संवतात, कोणी लिहविले, हे सांगणारा साक्षीदार उरत नाही. ताग्यातून तुकडा कापून काढावा आणि ताग्यावरचा शिक्का फेकून द्यावा, असाच हा प्रकार होय.

मुनिश्रींनी जे कार्य केले, ते नेमके याच्या उलट. पायी विहार करीत ते गावोगाव गेले आणि पाटण, खंभात, लिंबडी, वडोदरा, छाणी, अहमदाबाद अशी भांडारे त्यांनी एकामागून एक हाती घेतली. विस्कटलेल्या पानांचे ढीग समोर घेऊन ते बसत. अक्षराचे वळण, पानाचे माप, शाईचा रंग, ओळींची संख्या यांवरून एका ग्रंथाची पाने ओळखून एकत्र करीत. चिकटलेली पाने जोराने ओढली तर अक्षरे उखडतात. म्हणून त्यांना बेताची ओल देऊन, धीराने सुटी करावी लागत. नंतर प्रत्येक पोथी मोजावयाची, नोंदवावयाची, तिला पाठा आणि बासन बांधावयाचे, त्यावर क्रमांक घालावयाचा आणि डब्यात ठेवावयाची. कीड लागू नये म्हणून वेखंडासारख्या जुन्या उपायांचीही त्यांना पुरेपूर माहिती होती. ग्रंथलेखनाची सारी साधने, म्हणजे ताडपत्र, देशी कागद, काजळाची शाई, बोरू, सोनेरी अक्षरे, यांवर त्यांनी गुजरातीत जो विस्तृत निबंध लिहिला, तो १९३६ मध्ये साराभाई नवाब यांच्या जैन चित्रकल्पद्रुम या ग्रंथात आला. या विषयावर आजही त्याचा आधार घेतला जातो.

पाटण येथे गुरू व दादागुरूंच्या प्रेरणेने १९३९ मध्ये हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर उभे राहिले. निरनिराळ्या पाड्यांतील भांडारे एका सुरक्षित इमारतीत एकत्र आली. हे वाचावयास सोपे वाटते. परंतु प्रत्येक भांडारामागे एक पाडा, एक वहिवाट आणि एक अभिमान असतो. आपल्या पेटीची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे किती कठीण असते, हे विश्वस्त म्हणून काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ते घडू शकले, कारण मागणाऱ्या साधूंना स्वतःसाठी काहीही नको होते.

जेसलमेरचा वास

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण पर्व म्हणजे जेसलमेर. पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी स्थापन केलेले तेथील भांडार किल्ल्यातील संभवनाथ मंदिराच्या तळघरात आहे. वाळवंटातील कोरड्या हवेमुळे आणि दुर्गमतेमुळे तेथील ताडपत्रे टिकली. परंतु त्याच दुर्गमतेमुळे तेथे जाऊन दीर्घकाळ काम करणेही दुरापास्त होते. मुनिश्री पायी मरुभूमी ओलांडून १९५० मध्ये तेथे पोहोचले. उन्हाळ्याची आग आणि पाण्याची टंचाई सोसून, साधुधर्माचे सर्व नियम पाळून, त्यांनी १९५०-५१ मध्ये ते संपूर्ण भांडार व्यवस्थित लावले. ताडपत्रांसाठी मापाचे ॲल्युमिनियमचे डबे करविले, महत्त्वाच्या ग्रंथांच्या सूक्ष्मफिती काढविल्या आणि सूची सिद्ध केली. विशेषावश्यकभाष्याची दहाव्या शतकाच्या सुमाराची ताडपत्री प्रत त्यांनी येथेच हाती घेतली आणि त्या ग्रंथाचा शुद्ध पाठ सिद्ध होण्यास तिचा मोठा आधार मिळाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जेसलमेरचे ग्रंथ त्यांनी जेसलमेरमध्येच ठेवले. ज्या संघाची ठेव, ती त्या संघाकडे राहावी. मात्र ती जिवंत राहावी, मोजलेली असावी आणि अभ्यासकाला पाहावयास मिळावी, एवढाच त्यांचा कटाक्ष होता. देशी असो वा परदेशी, श्वेतांबर असो, दिगंबर असो वा अजैन असो, विद्वानाने हस्तप्रत मागितली आणि त्यांनी संप्रदाय विचारला, असे कधी घडले नाही. स्वतः कष्टाने तयार केलेल्या नकलाही ते सहज देऊन टाकीत.

संग्रहाचे समर्पण

विहारात ठिकठिकाणी लोक जीर्ण पोथ्या त्यांच्या स्वाधीन करीत. काही पोथ्या नष्ट होण्याच्या मार्गावर असताना त्यांनी वाचविल्या. अशा रीतीने त्यांच्यापाशी सुमारे दहा हजार हस्तलिखितांचा संग्रह जमला. त्यांत अनेक सचित्र होती. अहमदाबादचे श्रेष्ठी कस्तूरभाई लालभाई हे कापड गिरण्यांचे मोठे उद्योगपती आणि आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख. मुनिश्रींची प्रेरणा आणि कस्तूरभाईंचे औदार्य यांच्या संगमातून १९५६-५७ च्या सुमारास लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर स्थापन झाले. मुनिश्रींनी आपला संपूर्ण संग्रह या संस्थेस अर्पण केला. पंडित दलसुखभाई मालवणिया यांच्यासारखे विद्वान संचालक म्हणून लाभले. पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी संस्थेची इमारत योजिली. तीत हस्तलिखितांसाठी अर्धे जमिनीखाली असलेले दालन ठेवले, जेणेकरून तेथील उष्णतामान समतोल राहावे. जुन्या तळघराचा गुण त्यांनी घेतला आणि दोष टाळला, असे म्हणता येईल.

या संस्थेचा संग्रह आज पाऊण लाख हस्तलिखितांच्या आसपास आहे. त्यांपैकी इ. स. १३९६ मध्ये लिहिलेल्या शांतिनाथचरित्राच्या सचित्र प्रतीची २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्रही येथे आहे. त्यावर उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने बादशहा जहांगीरचा दरबार आणि पर्युषणातील जीवहिंसाबंदीच्या फर्मानाचा प्रसंग रंगविला आहे. अहिंसेचा हा विजय आपण व्याख्यानांतून ऐकतो. त्याच काळातील चित्रकाराच्या हातचा त्याचा पुरावा डोळ्यांनी पाहावयास मिळतो, तो अशा संस्थांमुळे. पुढे १९८४-८५ मध्ये संस्थेच्या आवारात स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले आणि सामान्य माणसालाही ही चित्रे पाहता येऊ लागली. मीही त्या सामान्य माणसांपैकीच एक.

काही सज्जनांना वाटते की धर्मग्रंथ काचेच्या पेटीत ठेवणे उचित नाही, तो उपाश्रयातच असावा. ही भावना आदरणीय आहे. परंतु कुलूपबंद पेटीतील वाळवी भावना पाहत नाही. जेथे संघ जागरूक आहे तेथे ग्रंथ संघाकडे राहावा आणि जेथे निगा शक्य नाही तेथे तो योग्य संस्थेकडे जावा. मुनिश्रींच्या आचरणातून हे दोन्ही मार्ग दिसतात. फक्त तिसरा मार्ग, म्हणजे बेफिकिरीचा, त्यांनी कोणासाठी ठेवला नाही.

अखेरची वर्षे

आगमांच्या शुद्ध आवृत्त्या निघाव्यात, हे त्यांचे आजन्म ध्येय होते. मुंबईच्या महावीर जैन विद्यालयाने हाती घेतलेल्या आगम ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ १९६८ मध्ये प्रकाशित झाला. १९६१ मध्ये श्रीनगर येथे भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेत प्राकृत व जैनधर्म विभागाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. १९७० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. संघाने आचार्यपदाचा आग्रह अनेकदा केला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला आणि शेवटपर्यंत ते मुनी पुण्यविजयच राहिले. आगमप्रभाकर ही उपाधी लोकांनी लावली. त्यांनी स्वतः ती मिरविली नाही. १४ जून १९७१ रोजी मुंबई येथे ते कालधर्म पावले. त्या वेळी त्यांचे वय शहात्तराव्या वर्षात होते आणि संयमपर्याय बासष्ट वर्षांचा होता. जेसलमेरच्या भांडाराची त्यांनी तयार केलेली सूची त्यानंतर, १९७२ मध्ये, छापून बाहेर आली.

आपल्यापुरते

हे चरित्र वाचल्यावर मला माझ्या यादीतील शेवटची ओळ आठवली. बासष्ट वर्षे एका साधूने ज्या गोष्टीसाठी झिजविली, ती गोष्ट मी एका ओळीत आणि एका पेटीत संपविली होती. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर स्टॉक न मोजता मी ताळेबंदावर सही केली होती. दुकानात एखाद्या गुमास्त्याने असे केले असते, तर मी त्याला ठेवले नसते.

आपल्या पेटीत एखादी प्राचीन सचित्र पोथी असेलच, असा माझा दावा नाही. कदाचित गेल्या दीड-दोनशे वर्षांतील रास, स्तवने आणि टबे असतील. आपल्याच महाराष्ट्रात कारंजा येथील ज्ञानभांडारांनी अपभ्रंश साहित्याचा मोठा ठेवा विद्वानांच्या हाती दिला, हे आपण जाणतो. तेथेही पोथ्या उघडल्या गेल्या तेव्हाच ते घडले. आत काय आहे, हे उघडल्यावाचून कळत नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी विश्वस्त मंडळास आणि संघास नम्र विनंती आहे. येत्या ज्ञानपंचमीस पूजेनंतर पेटी बंद न करता जाणकारांच्या देखरेखीखाली ती उघडावी. प्रत्येक पोथीची पाने मोजून, पुष्पिका उतरवून घेऊन, छायाचित्रांसह यादी करावी. पाने सुटी करून कोणास देऊ नयेत. जीर्ण पानांना आपल्या हाताने डिंक वा चिकटपट्टी लावू नये. ते काम तज्ज्ञांचे आहे. बासनांसाठी लागणारे सर्व सुती कापड, खळ नसलेले आणि धुतलेले, माझ्याकडून ज्ञानद्रव्य म्हणून स्वीकारावे. यादी लिहिण्यास बसण्याची माझी तयारी आहे. या वेळी शेवटची ओळ सर्वांत आधी लिहीन.

या लेखात पूज्य मुनिश्रींच्या चरित्राविषयी अजाणतेपणी काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.